गोठ्यातल्या शाळेचा दगड

निवृत्त शिक्षिकेला काम सांगायला कुणालाच संकोच वाटत नाही. बाई घरीच असतात, बाईंचं अक्षर चांगलं आहे, बाई नाही म्हणत नाहीत. एवढ्या भांडवलावर महाडात लोकांनी माझ्याकडून लग्नपत्रिका तपासून घेतल्या, सोसायटीची इतिवृत्तं लिहून घेतली, सत्काराची भाषणं लिहून घेतली आणि ती ऐकायलाही मलाच पहिल्या रांगेत बसवलं. आता गुडघे कुरकुरतात, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि फोनवर कुणी "बाई, एक छोटंसं काम होतं" म्हणालं की मी फोन कानापासून लांब धरते.

तसा फोन दिवाळीच्या सुमारास आला. बोलणारे माझ्या आजोळच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी होते. हे गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूच्या डोंगरात आहे. तिकडच्या बहुतेक गावांसारखा त्याचाही संसार दोन चुलींवर चालतो. गावात गावकी, मुंबईत मंडळ. शिमग्या-गणपतीला दोन्ही चुली एकत्र येतात आणि भांडतात. सेक्रेटरी वसईला राहतात, कुठल्याशा कुरियरच्या ऑफिसात आहेत आणि माणूस फार उत्साही आहे. त्यांना गावातल्या पहिल्या शाळेची आठवण म्हणून दगड बसवायचा होता. काळा ग्रॅनाइट, त्यावर कोरलेली अक्षरं. "मॅडम, नेक्स्ट जनरेशनला कळायला पायजे ना," ते म्हणाले. शाळा नेमकी कुठे भरत होती ते मी शोधून द्यायचं आणि मजकूर लिहून द्यायचा, बस. त्यांनी ज्याला ज्याला विचारलं होतं त्याने वेगळीच जागा सांगितली होती.

मी नाही म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण फोनचा स्पीकर चालू होता आणि पलंगावर आई बसली होती.

आई पंच्याऐंशीच्या आसपास असेल. नेमकं वय तिला माहीत नाही, मग मला कुठून असणार? वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. दिवसभर फारसं बोलत नाही. तांदूळ निवडते, गॅलरीतून रस्त्यावर कोण आलं-गेलं बघते आणि टीव्हीवरच्या सुनांना शिव्या घालते. त्या दिवशी मात्र तिने सूप खाली ठेवलं आणि फोन मागितला. तोंडासमोर आरशासारखा धरून तिने सेक्रेटरींना सांगितलं, "शाळा माझ्या बाच्या गोठ्यात भरायची. वरच्या वाडीत. दुसरीकडं कुठं नाय."

मग झालंच. काम माझ्या गळ्यात पडलं.

आईने माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. लुगडं आणलं तर कशाला आणलंस म्हणते, फळं आणली तर नातवंडांना दे म्हणते. हे एक तिने मागितलं. दगड तिच्या बाच्या गोठ्यावर बसला पाहिजे, दुसरीकडे नको. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाबरोबर तिचा एकच प्रश्न असायचा, दगडाचं कुठवर आलं.

गोठ्याची गोष्ट मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. आता आईने ती सलग सांगितली. स्वातंत्र्याच्या सुमारास गावाला पहिला मास्तर मिळाला, पण शाळेला छप्पर नव्हतं. देवीचं देऊळ ऐसपैस होतं, सभामंडप रिकामाच असायचा. गावकी बसली आणि नाही म्हणाली. कारण काय, तर पोरं पाटी थुंकी लावून पुसतात, आणि देवीच्या पुढ्यात थुंकी चालायची नाही. मास्तरांनी ओल्या फडक्याची हमी दिली म्हणे. पण ती कुणी मनावर घेतली नाही. मी स्वतः सगळी नोकरी पोरांना थुंकीने पाटी पुसू नका म्हणून सांगण्यात घालवली आणि एकानेही ऐकलं नाही, त्यामुळे गावकीचं मला अगदीच चूक वाटत नाही. शेवटी आईच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आज्याने, आपला गुरांचा गोठा मोकळा करून दिला. शेण काढलं, दावणीच्या मेखा उपटल्या, जमीन सारवली, आणि तिथे पोरं बसली. पुढे खाली रस्त्याकडे सरकारी शाळा बांधली आणि गोठ्यात परत गुरं आली. आज्याचं नाव कुठे लागलं नाही. त्याला त्याचं काही वाटलं नसावं. आईला वाटत होतं, आणि ते इतकी वर्षं तिने मनात ठेवलं होतं.

जागा बघायला मी माघात गेले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे मिनीडोर रिक्षा, आणि रस्ता संपला की पायी. बरोबर मामा होते. मामा म्हणजे आईचे चुलत भाऊ. गावकीत त्यांचा शब्द चालतो, आणि देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. पंच्याहत्तरी उलटली तरी चढ ते बोलत बोलत चढतात. मी दर वळणावर झाडं बघायच्या निमित्ताने थांबत होते. सावलीला बसले की ते म्हणायचे, आता एवढं वळान ऱ्हायलं. एवढं वळण संपलं की पुढे तसंच दुसरं असायचं.

वरची वाडी आता रिकामी आहे. तळीयेवर दरड आली त्या पावसाळ्यानंतर आमच्या डोंगराचीही पाहणी झाली, जमिनीला भेगा दिसल्या आणि माणसांना खाली रस्त्याच्या टोकाला आणलं. दारंखिडक्या, कौलं, वासे लोकांनी काढून नेले. उरली ती जोती. आज्याच्या गोठ्याचंही जोतं होतं, आणि त्याच्या कडेला गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. तिच्यात पाला कुजला होता. मामांनी काठी आपटून सांगितलं, हीच जागा, आक्का सांगते ते खरं आहे. त्यांच्या वडिलांनीही तेच सांगितलं होतं. आपल्या पूर्वजांनी विद्येसाठी गोठा दिला त्या जागी मी उभी होते, तेव्हा मन भरून वगैरे यायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उतरताना गुडघ्यांचं काय होणार याची काळजी लागली होती.

फोटो काढून आणले. आईने मोबाइल डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ नेला आणि डोणीवर बोट ठेवलं. रात्री दोन घास जास्त जेवली.

मजकूर मी लिहून दिला. या ठिकाणी गावाची पहिली शाळा भरली, आणि खाली एक ओळ, गोठा देणाऱ्या शेतकऱ्याच्या नावाची. मंडळाने वरची ओळ ठेवली, खालची काढली. एकाचं नाव घातलं तर बाकीची घरं रुसतील, कुणी मास्तरला जेवण दिलं, कुणी पाट्या आणल्या, सगळ्यांचीच नावं घालावी लागतील, असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं. त्यात काही खोटं नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ऱ्हाऊ दे नाव. गोठ्यावर दगड बसला की बाचंच झालं ते. म्हणजे आज्याचं नाव सांगायची जबाबदारी आता एकट्या जागेवर आली होती.

दगड शिमग्याच्या थोडा आधी आला. टेम्पो रस्त्याच्या टोकापर्यंतच जातो. तिथे सहाण आहे, म्हणजे शिमग्यात देवीची पालखी येऊन बसते तो चौथरा. देऊळ तिच्या मागेच. समोर खाली आणलेल्या लोकांची नवी घरं, आणि बाजूला आत्ताची शाळा. दगड वर न्यायचा तर बांबू लावून खांद्यावरून न्यावा लागणार, आणि त्याला खांदेकरी हवेत. गावात उरलेत ते सगळे माझ्यासारखे. म्हणून ठरलं, की शिमग्याला मुंबईची मंडळी येतील तेव्हा ती दगड उचलतील, आणि तोवर तो सहाणीला टेकवून ठेवावा.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. आवाजात समाधान होतं. दगड उघड्यावर राहणार, कुणी हात लावायला नको, ढोरांनी अंग घासायला नको, म्हणून त्यांनी नारळ फोडून देवीला गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्याकडे कामाला हात घालायचा तर आधी गाऱ्हाणं. गावातला मानकरी सगळ्यांच्या वतीने देवीशी मोठ्याने बोलतो, काय चाललंय ते तिला सांगतो आणि सांभाळ म्हणतो. मामांनी सांगितलं होतं, आये, तुझ्या शिवेत ही नवी शिळा आली हाय, ती तुझ्या पायाशी ठेवली हाय, तिला तू संभाळ.

मी कपाळाला हात लावला. मामांच्या ते लक्षात यायला आणखी चार दिवस गेले. देवीच्या पायाशी ठेवली असं तोंडाने बोलून झालं, वर नारळ फुटला, आता ती शिळा उचलायची कुणी? आठवडा गेला नाही तोवर दगडाला हळदकुंकू लागलं. कोणीतरी झेंडूची माळ घातली. मग दहावीची परीक्षा आली आणि पोरांनी पेपराला जाताना त्याच्यापुढे पेनं ठेवून पाया पडायला सुरुवात केली. शाळेचा दगड होता तो, पोरांचं तरी काय चुकलं?

चूक म्हणावी तर कुणाचीच नाही, आणि निस्तरायचं सगळं माझ्यावर. मी सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "टेन्शन नका घेऊ मॅडम, आपण अ‍ॅडजस्ट करू." म्हणजे काय करू ते त्यांनी सांगितलं नाही. मामांना फोन केला. ते म्हणाले, कौल लावू. देवी उचला म्हणाली तर उचलू.

आईला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. दोन दिवस टाळलं. चहाबरोबरचा प्रश्न आला तेव्हा सांगून टाकलं. ती रागावली नाही. तांदळाचं सूप घेऊन गॅलरीत बसली आणि मला बोलावून तिने गोष्टीतला राहिलेला भाग सांगितला.

गोठा शाळेला दिला, पण गुरं काही शाळेला दिली नव्हती. त्यांना कुठेतरी ठेवायला हवं होतं. आज्याने वाडीच्या वर माळावर मांडव घातला, कुडाच्या भिंती केल्या आणि गुरं तिकडे नेली. घरापासून लांब, वर वाघराची भीती. दिवसभर कुणीतरी तिथे थांबायला हवं होतं. भाऊ शाळेत जाणार होते. त्यांच्यासाठीच तर गोठा दिला होता. राहिली आई. मास्तर तिलाही बसव म्हणाले होते. आज्याने तिला समजावलं, की गुरं आत आली की तू जा. शाळा खाली जाऊन गुरं आत यायला बरीच वर्षं गेली, तोवर आईचं लग्न ठरलं होतं.

मला वाटत होतं, त्या काळात मुलींना शाळेत घालत नसत म्हणून आई शिकली नाही. सगळ्यांच्या आयांचं तेच कारण असतं. तिची जागा गुरांनी घेतली आणि गुरांची जागा शाळेने, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मी नोकरी केली ती प्राथमिक शाळेत. सगळी हयात मुली शाळेत याव्यात म्हणून दारोदार फिरले. तिने एकदाही हे मला सांगितलं नव्हतं. मला तिचा रागच आला. राग येण्यासारखं काय आहे यात, असं तिने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आता मी इरेला पेटले. निदान स्वतःची तशी समजूत करून घेतली, कारण पेटायला अंगात काही उरलेलं असावं लागतं.

शिमग्याला आईला घेऊन गेले. गाडी केली, मागे उशा रचल्या, महामार्गावरचे खड्डे आणि घाटातली वळणं तिने डोळे मिटून सोसली. सहाणीवर पालखी बसली होती, ढोल वाजत होते, मुंबईची पोरं मोबाइल वर करून नाचत होती. दगडाला रंगीत बल्बची माळ लावली होती. आई त्याच्याकडे बघत राहिली. हात जोडले नाहीत तिने.

कौल देवळात लागला. गावकी आत बसली. माहेरवाशिणीला देवीची ओटी भरता येते, गावकीच्या बैठकीत बसता येत नाही. आईला मान म्हणून पायरीवर खुर्ची दिली, आणि मी तिची सोबत म्हणून खांबाला टेकून उभी राहिले. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मामांनी प्रश्न घातला. चांगला घातला, खोटं कशाला बोलू? आक्काच्या बाने गोठा दिला होता, ही शिळा तिथली आहे, आमच्या हातून चुकून इथे राहिली, तिच्या जागी न्यायची तुझी आज्ञा आहे का? मग सगळे पाकळ्यांकडे बघायला लागले. बाहेर ढोलही थांबवले होते.

गाभाऱ्याच्या दारात मंडळाने दिलेला टेबलफॅन होता. तो मान फिरवत होता. डावीकडे गेला की त्या बाजूच्या पाकळ्या हलायच्या. उजवीकडे मोठी समई होती, तिला वारा लागू नये म्हणून त्याची मान त्या बाजूला पुरती वळणार नाही असा तो ठेवला होता. हे मला दिसत होतं. मला एकटीलाच दिसत होतं, की बाकीच्यांनाही दिसत होतं, कुणास ठाऊक. डावी पाकळी पडली.

मी म्हणाले, पंखा बंद करून पुन्हा विचारा. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला असावा, कारण पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं दचकून मागे वळली. सेक्रेटरी डोळ्यांनी गप्प राहा म्हणाले. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "बाय, देवीला दोनदा इचारत नाय." त्यांना वाईट वाटल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जिंकल्याचं काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर आई झोपली. मी सगळा घाट स्वतःशी भांडत आले.

मेमध्ये अनावरणाचा कार्यक्रम ठरला. दगडाभोवती सिमेंटचा कट्टा झाला, म्हणजे हलायचा उरलासुरला प्रश्न मिटला. लाल कापड ओढायला आईलाच बोलवायचं असं मंडळाने ठरवलं. गावातली सगळ्यात वयस्क लेक, पहिली शाळा डोळ्यांनी पाहिलेली. सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं की आजींना माईकही देऊ, दोन शब्द बोलतील. हे ऐकलं आणि मला एक मार्ग दिसला. दगड हलत नसेल तर न हलो. आईने माईकवर सगळ्यांसमोर खरी जागा सांगायची. शे-पन्नास मोबाइल चालू असतील, ते शब्द राहतील, पुढे कुणीही काढून ऐकेल.

मी तिला आठवडाभर तयार केलं. वाक्य सोपं होतं. शाळा इथे नव्हती भरत, वरच्या वाडीत माझ्या बाच्या गोठ्यात भरायची, गोठा त्याने आपणहून दिला. ती मान डोलवायची. एकदा मी म्हणाले, आई, म्हणून दाखव. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिला पुन्हा काही विचारलं नाही.

कार्यक्रम मे महिन्यातल्या कार्यक्रमांसारखाच होता. मांडव तापला होता, माईक खरखरत होता, सत्कारांना नारळ कमी पडले म्हणून तेच नारळ मागून परत येत होते. आई पहिल्या रांगेत पदर डोक्यावर घेऊन बसली होती. मी तिच्या मागे. गावच्या शाळेची पोरं कट्ट्यावर दगडाला टेकून बसली होती, सुट्टीतही मास्तरांनी त्यांना गणवेश घालून आणलं होतं. काही मुंबईहून आजोळी आलेली, इंग्रजी शाळेतली, तीही त्यांच्यात जाऊन बसली. भाषणं चालली असताना त्यांची आपसात ढकलाढकली चालू होती. एका मुलीने चप्पल काढून दगडावर पाय दिला आणि मामा ओरडले. मग सेक्रेटरींनी पोरांचा कार्यक्रम जाहीर केला. पोरं उभी राहिली आणि पाढे म्हणायला लागली. गावची पोरं मराठीत, मुंबईची आपली मध्येच ओठ हलवत. सूर लावून, डोलत, शाळेत म्हणतात तसेच. माझ्या कानांना त्यात नवीन काही नव्हतं. मी घड्याळ बघत होते. आईची पाठ मात्र एकदम ताठ झाली.

पाढे संपले. टाळ्या झाल्या. सेक्रेटरी आईला हाताला धरून दगडापाशी घेऊन गेले. कापड ओढलं, फुलं टाकली. मग तिच्या तोंडासमोर माईक धरून त्यांनी विचारलं, "आजी, सांगा आता, पहिली शाळा कुठं भरायची?"

सगळे मोबाइल वर झाले. मामांनी मान खाली घातली. ती खरं बोलेल हे त्यांना माहीत होतं, आणि ते त्यांनी आधीच कबूल केल्यासारखे उभे होते.

आई पोरांकडे बघत होती. ती म्हणाली, "हितंच. हितंच भरायची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी वर पाहिलं. पुढचे सत्कार, आभार, पुरीभाजी, कोण काय म्हणालं, मला काही आठवत नाही. माझ्या हातात कुणीतरी एक नारळ दिला होता, तो घेऊन मी गाडीपर्यंत गेले.

घाट उतरेपर्यंत मी तो मांडीवर घट्ट धरून बसले. पोलादपूरच्या अलीकडे मला राहवलं नाही. मग मी खूप बोलले. वर चढून माझे गुडघे गेले, देवळात सगळ्या गावासमोर मी वाईटपणा घेतला, मंडळाशी भांडले, हे कुणासाठी, असं विचारलं. तुझ्या बाचं नाव दगडावर नाही, जागेवर नाही, तुझ्या तोंडात होतं तेवढंच उरलं होतं, तेही तू टाकून दिलंस. ड्रायव्हरने गाणी बंद केली. मला लाज वाटली, तरी मी थांबले नाही.

आईने मला बोलू दिलं. माझं संपल्यावर ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, "वर कोन जातंय गो आता?"

मी नारळ मांडीवरून खाली ठेवला. ती पुढे बोलली.

"मी माळावर गुरांपाशी असायची. एकटी. खालून पोरांचं पाढं ऐकू यायचं. तोवर काय वाटायचं नाय. शाळा सुटली, पाढं बंद झालं, की मंग मला भ्या वाटायचं." तिने पदराने तोंड पुसलं. "दगड कशाला न्यायचा तिथं? हितं पोरं हायत."

मग ती उशीला टेकली आणि तिने डोळे मिटले. मला रडू आलं, आणि ते ड्रायव्हरला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. इतकी वर्षं मी पोरांकडून पाढे म्हणून घेतले, जोरात म्हणा, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू यायला हवं, असं सांगत आले. माझी आई ते कुठे बसून ऐकत होती, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.